उन्हाच्या गावचे रहिवासी



वसंत व्याख्यानमालेची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ती सुरू झाली, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी एकत्र जमून चार विचार ऐकावेत ही गोडी मराठी माणसाला तेव्हापासून लागली. तथापि पुण्याचा श्रोता आणि परभणीचा श्रोता यांत थोडा फरक आहे. पुण्याचा श्रोता व्याख्यानासाठी घराबाहेर पडतो. परभणीत दिवसभर तापलेल्या भिंती संध्याकाळी घरातल्या माणसांना बाहेर काढतात, आणि मग मोकळ्या पटांगणात वारा मिळतो तेथे व्याख्यान असले तर तेही ऐकले जाते. तेव्हा आपण आमच्यासाठी आलात की वाऱ्यासाठी आलात, याची चौकशी आम्ही करणार नाही. आलात हे खरे, आणि त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

या व्यासपीठावरून इतिहास, विज्ञान, अध्यात्म अशा मोठ्या विषयांवर बोलले जाते. आमचा विषय त्यामानाने अगदी घरगुती आहे. नोकरीमुळे, बदलीमुळे, लग्नामुळे किंवा पोटामागे धावताना माणूस कडक उन्हाच्या एखाद्या अनोळखी गावी येऊन पडतो. त्या गावात त्याने रोजचा दिवस आनंदाने कसा घालवावा, एवढाच आमचा प्रश्न. आम्ही मूळचे चिपळूणकडचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस अंगावर घेणाऱ्या मुलखातून, सरासरी नऊशेच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात नोकरीच्या निमित्ताने आलो, त्याला आता अकरा वर्षे झाली. म्हणजे या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हाला विद्वत्तेने आलेला नाही, वास्तव्याने आलेला आहे.

वास्तविक हा अधिकार आमच्यापेक्षा समोर बसलेल्या भगिनींचा अधिक. आपल्या समाजात परक्या गावी जाऊन तेथले व्हायचे, हा अनुभव निम्म्या माणसांना हमखास येतो आणि त्या निम्म्यांत पुरुष सहसा नसतो. बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा आम्ही बराच वेळ तो उलटसुलट करून पाहत होतो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्हाला हा कागद आज मिळाला. आम्हाला तो लग्नातच मिळालेला असतो." त्यांनी त्याच दिवशी भांडी बांधायला घेतली.

परभणीला येणाऱ्या माणसाला गावाच्या आधी एक म्हण भेटते. "बनी तो बनी, नहीं तो परभनी." ही दख्खनी वळणाची म्हण हैदराबादपासून मुंबईपर्यंत कोणीही ऐकवतो. जमले तर जमले, नाहीतर परभणी आहेच, असा तिचा सरळ अर्थ. बदली झालेल्या माणसाला ती निरोपाच्या चहाबरोबर ऐकवली जाते आणि तिच्यामागे एक हसू असते. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, ही दुसरी म्हण परभणीचे लोक उत्तरादाखल अभिमानाने सांगतात. पण ती बाहेरच्या माणसाला पोचेपर्यंत त्याची पेटी बांधून झालेली असते.

या पहिल्या म्हणीचा परिणाम आम्ही अनेक कचेऱ्यांतून आणि अनेक भाड्याच्या घरांतून पाहिला आहे. माणूस येतो, पण उतरत नाही. एक पेटी न उघडता कोपऱ्यात ठेवतो. भिंतीला खिळा ठोकत नाही, कारण पुन्हा काढावा लागेल. तुळस लावत नाही, कारण नेता येणार नाही. शेजाऱ्याशी बोलतो, पण नाव विचारत नाही. शनिवारी संध्याकाळी रेल्वे स्टेशनावर आणि सोमवारी पहाटे पुन्हा स्टेशनावर, असा त्याचा संसार चालतो. मनाने तो प्रवाशांच्या विश्रांतिगृहात राहत असतो. आता हिशेब करा. एका ठिकाणी तीन वर्षे धरली आणि नोकरीत दहा बदल्या धरल्या, तर तीस वर्षे होतात. एवढा काळ जर माणसाने गाडीची वाट पाहण्यात काढला, तर त्याने आयुष्य कोठे काढले म्हणायचे? परभणीने त्याचे काय बिघडवले हे तो पुष्कळ सांगेल. पण परभणीतली तीन वर्षे त्याने स्वतःच वगळून टाकली, त्यांचा जाब तो कोणाला विचारणार?

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की गाव आवडण्याची वाट पाहू नये. आवड ही मागाहून येते. आधी गावाच्या दिनक्रमात शिरावे. आणि परभणीचा दिनक्रम ठरवणारा अधिकारी आकाशात बसलेला आहे.

सूर्य सगळीकडे एकच, हे शाळेतल्या पुस्तकात ठीक आहे. घड्याळ देशभर एकच असले तरी सूर्य प्रत्येक गावाला आपापल्या वेळेला भेटतो. रत्नागिरीपेक्षा परभणीला तो सुमारे पाव तास आधी माथ्यावर येतो. परभणी १९ अंशांहून थोड्या अधिक अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात १७ तारखेच्या आसपास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, तो बरोबर डोक्यावर येतो. जुलैत बहुधा ढग असतात, पण मे महिन्यात मात्र दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान अंगणात सरळ काठी रोवली तर तिची सावली नाहीशी झालेली दिसते. ज्या गावात काठीलाही काही मिनिटे सावली मिळत नाही, त्या गावात माणसाने दुपारी काय करावे हे वेगळे सांगायला नको.

येथल्या लोकांनी ते कधीच ओळखले आहे. मे महिन्यात पावणेसहाला उजाडते. त्याच्या आधीच रस्ते झाडून झालेले असतात, दुधाच्या किटल्या निघालेल्या असतात, मोंढ्यात हमालांनी पहिल्या पोत्यांना हात घातलेला असतो. दहा वाजेपर्यंत गावाचे अर्धे काम उरकते. बारा ते चार गाव दारे लोटून घेते. पाच वाजता पुन्हा झाडलोट होते, अंगणात पाणी शिंपडले जाते, रसवंतीची घुंगरे वाजू लागतात आणि दुसरा दिवस सुरू होतो. परभणीच्या उन्हाळ्यात एका तारखेला दोन दिवस असतात, असे आम्हाला नेहमी वाटते. बाहेरचा माणूस हे दुपारचे मिटलेले गाव पाहतो आणि गावाला आळशी म्हणतो. तो स्वतः आठला उठलेला असतो, म्हणून पहिला दिवस त्याने पाहिलेलाच नसतो. पहाटे पाचला उठून या गावातून एकदा चालत जावे. तो गारवा, ती शांतता आणि कडुनिंबाच्या मोहराचा तो मंद कडसर वास ज्याने घेतला, त्याला दुपारबद्दल तक्रार करताना थोडा संकोच वाटेल.

उन्हाबरोबर येणारी दुसरी गोष्ट म्हणजे कोरडी हवा. कोकणच्या माणसाला तिची किंमत चटकन कळत नाही. आम्ही येथे आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजी घरी आल्या, त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "सर, माठ दारात ठेवा, वाऱ्याला. आन् वरून ओलं फडकं गुंडाळा." तसे केल्यावर संध्याकाळी त्या माठातले पाणी प्यायलो, आणि माठ ही काय वस्तू आहे ते कळले. चिपळुणातही माठ असतात. परंतु तेथली हवा आधीच पाण्याने इतकी भरलेली असते, की माठाच्या अंगावरचा ओलावा तिला नको असतो. येथली हवा तहानलेली. ती माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी ओढून घेते, आणि पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅमामागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती उष्णता आतल्या पाण्यातून जाते आणि पाणी गार होते. वाळ्याचा पडदाही याच नियमाने चालतो, खिडकीतला कूलरही याच नियमाने, आणि आपल्या अंगावरचा घामही. कोकणात ३४ अंशांना माणूस चिंब होऊन बसतो, कारण घाम वाळत नाही. येथे ४० अंशांनाही सावलीत बसलेला माणूस गप्पा मारू शकतो, कारण घाम आपले काम करत असतो. मात्र या सोयीची किंमत पाण्याने चुकवावी लागते. जितका घाम, तितके ताक, तितके पन्हे, तितके माठातले पाणी. घराबाहेर पडताना पाणी पिऊन निघावे आणि आल्यावर बसून प्यावे, हा येथला शिष्टाचार कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथाइतका शास्त्रीय आहे.

ऊन ही नुसती सोसण्याची गोष्ट नाही, ते येथले भांडवलही आहे. चैत्र लागला की गच्च्यांवर पापड, कुरडया, शेवया, सांडगे आणि खारोड्या दिसू लागतात. लाल मिरच्या पसरलेल्या गच्चीवरून नजर फिरवावी, म्हणजे गावाने गालिचे वाळत घातले आहेत असे वाटते. कोकणात पापड वाळवणे म्हणजे ढगांशी खेळलेला जुगार. येथे सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी कडकडीत. वसमतकडे हळद शिजवून दहापंधरा दिवस उन्हात घालतात. तो भाग १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. ती हळद पुढे महाराष्ट्रभर लग्नघरी जाते. नवरानवरीच्या अंगाला लागणाऱ्या पिवळ्या रंगात इकडचे ऊन किती मुरलेले असते, याचा विचार मांडवात कोणी करत नाही. आता तर शेतातल्या पंपांना आणि घरांच्या छपरांनाही सूर्याची वीज मिळू लागली आहे. ज्याला आपण इतकी वर्षे नावे ठेवली, त्याच्याकडूनच आता दिवे लावून घेतो आहोत.

येथली जुनी घरेही उन्हाचा अभ्यास करून बांधलेली. माळवदाच्या घरात ज्यांचे बालपण गेले, ते श्रोते येथे पुष्कळ असतील. हात-दीड हात जाडीच्या भिंती, लाकडी सरांवर टाकलेले छत, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि लहान झरोके. दिवसाची उष्णता त्या मातीतून आत यायला इतका वेळ घेते, की ती आत पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. आणि संध्याकाळी माणसे आत नसतातच, ती माळवदावर असतात. स्वच्छ आकाश आणि कोरडी हवा असली, की जमिनीतली धग रात्री झपाट्याने निघून जाते. मध्यरात्रीनंतर पायाशी ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागते. सिमेंटच्या घरांनी हे सुख थोडे कमी केले असले, तरी गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकण्याची रीत अजून अनेक घरांतून आहे. चांदण्यांखाली झोपणे हे मोठ्या शहरांतून आता दुर्मीळ झाले. ते सुख येथे खर्चावाचून मिळते.

उन्हाविषयी बोलताना थंडीला विसरू नये. याच परभणीच्या हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही वर्षी पारा पाच अंशांखाली उतरलेला आहे. त्या दिवसांत हेच ऊन लोक शोधत फिरतात. शिवारात हुरडा भाजला जातो. आखाड्यावर गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणीस हातावर चोळून, गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर खाणारा माणूस बदलीचा अर्ज करण्याच्या मनःस्थितीत नसतो. ही रब्बीची ज्वारी म्हणजे काळ्या मातीचा चमत्कार आहे. पाऊस निघून जाताना पेरणी होते, आणि जमिनीने पोटात साठवलेल्या ओलीवर पीक येते. आज जे मिळाले ते जपून ठेवून उद्या जगावे, ही गोष्ट येथली जमीनच शिकवते.

येथे कृषी महाविद्यालय १९५६ साली निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वसंतराव नाईकांचे नाव त्याला २०१३ साली देण्यात आले. या विद्यापीठाने 'परभणी क्रांती' नावाचे भेंडीचे वाण दिले, ते देशात दूरवर पेरले गेले. भेंडीची पाने पिवळी करणाऱ्या रोगाला दाद न देणारे वाण म्हणून ते पुढे आले. तेव्हा परभणीला न येताच परभणीचे खाऊन बसलेली माणसे पुष्कळ आहेत. या विद्यापीठामुळे गावात जे प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी आले, तेही आमच्यासारखेच उपरे. त्यांतले किती जण राहिले, याच मातीत त्यांनी घरे बांधली, हे आपण जाणता.

किंबहुना हा सारा मुलूखच येण्याजाण्याचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. कारभाराची भाषा बदलली, अधिकारी बदलले, बदल्यांचे नकाशे बदलले. पूर्वी हैदराबादेकडे पाहणारे गाव मुंबईकडे पाहू लागले. त्या सगळ्यांचे थर येथल्या बोलीत आहेत. "जेवलाव का?", "काय करायलाव?" ही विचारपूस प्रथम कानाला नवी वाटते. पुढे कळते, की हा प्रश्न माहितीसाठी नाही, जिव्हाळ्यासाठी आहे. त्याच रस्त्यावर दख्खनी उर्दूही तितक्याच सहज ऐकू येते. फेब्रुवारीच्या आरंभी सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. तेव्हा दर्शनाला कोण चालले आहे हे नावावरून ठरवू जाणाऱ्याची पंचाईत होते, कारण सगळेच चाललेले असतात. नव्या माणसाने अशा गर्दीत एकदा निमूट मिसळून जावे. गाव आपल्याला कधी आपले म्हणते, हे विचारण्याची मग गरज उरत नाही.

आपण म्हणाल, माठ, कुरडया, हुरडा आणि उरूस, एवढ्यावर आनंद मानायचा काय? होय, आमचे म्हणणे तेच आहे, आणि त्याला याच जिल्ह्यातला मोठा दाखला आहे. संत जनाबाई गंगाखेडच्या. गोदाकाठचे हे गाव सोडून त्या लहान वयात पंढरपूरला गेल्या आणि नामदेवांच्या घरी राबल्या, असे परंपरा सांगते. परके गाव, परके घर आणि काम दळणकांडणाचे, झाडलोटीचे, गोवऱ्या वेचण्याचे. या सगळ्यातून सुटका झाल्यावर मग आनंद, असे त्यांनी मानले नाही. त्यांनी जात्यापाशीच देवाला बोलावून घेतले. दुसरा दाखला अलीकडचा. बी. रघुनाथ हे मराठीतले मोठे कवी आणि कथाकार. १९१३ ते १९५३ असे अवघे चाळीस वर्षांचे त्यांचे आयुष्य. त्यांनी या परभणीत सरकारी कचेरीत नोकरी करता करता कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. दौलत नव्हती, मोठ्या शहराचा शेजार नव्हता. रोजची माणसे आणि रोजचे रस्ते एवढीच सामग्री त्यांच्यापाशी होती. ज्या गावाने मराठीला एवढे दिले, तेथे काही घडत नाही असे म्हणणाऱ्याने आपले डोळे एकदा तपासून घ्यावेत.

येथवर आम्ही सुखाची बाजू सांगितली. ती येथेच थांबवली तर व्याख्यान गोड होईल, पण अपुरे राहील. आम्हाला माठ आहे, कूलर आहे, बारा ते चार दार लोटून घेण्याची मुभा आहे. ज्याला ती नाही त्याचे काय? भर दुपारी डांबर टाकणारा मजूर, स्लॅब ओतणाऱ्या बाया, हातगाडीवर केळी विकणारा, मोंढ्यात पाठीवर क्विंटल वाहणारा हमाल, यांच्या उन्हाळ्यात दोन दिवस नसतात. त्यांचा एकच दिवस असतो, आणि त्याच्या मधोमध सूर्य उभा असतो. ऊन सगळ्यांवर सारखे पडते, सावली मात्र सारखी वाटली जात नाही. उष्माघाताने माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि पृथ्वीचे तापमान वाढते आहे हे आता शास्त्रज्ञांच्या वादाचा विषय राहिलेले नाही. तेव्हा उन्हाच्या गावातला आनंद हा शेवटी सावलीचा आणि पाण्याचा प्रश्न आहे.

पाण्याची गोष्ट तर आपल्या शेजारचीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पूर्णेवर येलदरीचे धरण आहे, जायकवाडीचा कालवा आपल्या जिल्ह्यातून जातो. तरीही भरवशाचे पाणी म्हणजे काय, हे येथल्या गृहिणीला विचारावे. कोरड्या हवेचे सगळे उपकार पाण्यावर अवलंबून आहेत. पाणी संपले की माठ हे नुसते मडके उरते.

सावलीचेही तसेच. रस्ते रुंद होतात तेव्हा त्यांच्या कडेची जुनी झाडे जातात, आणि रुंद झालेल्या रस्त्यावरून चालणाऱ्याला पूर्वीपेक्षा अधिक ऊन लागते. कडुनिंबासारखे शहाणे झाड नाही. उन्हाचा कडाका सुरू होतो, नेमके तेव्हाच त्याला नवी पालवी येते. गुढीपाडव्याला आपण त्याची कोवळी पाने तोंडात टाकतो, आणि पुढचे तीन महिने त्याच्या खाली उभे राहतो. पण त्याची भरघोस सावली मिळायला लावल्यापासून कित्येक वर्षे जावी लागतात. येथेच त्या न उघडलेल्या पेटीचा खरा तोटा दिसतो. तीन वर्षांनी जाणारा माणूस झाड लावत नाही. तो ज्या झाडाखाली आपली गाडी उभी करतो, ते मात्र कोणीतरी, बहुधा त्याच्यासारख्याच जाणाऱ्या माणसाने, लावलेले असते. प्रत्येकाने असा विचार केला असता, की सावली मला मिळणार नसेल तर खड्डा मी का खणू, तर या गावात एकही झाड नसते.

म्हणून आमचे दुसरे आणि शेवटचे सांगणे असे, की गावाचा आनंद घ्यायचा तर गावाचे थोडे देणेही मानावे. मोठ्या गोष्टी नकोत. दारासमोर एक कडुनिंब लावावा आणि तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे, पुढे तो आपला आपण जगतो. चैत्रात पाणपोईचे रांजण भरण्याची रीत येथे आहे. एका रांजणाचे ओले फडके आपल्याकडे घ्यावे. घराचे किंवा रस्त्याचे काम काढले तर मजुरांना पहाटे बोलवावे आणि बाराच्या आत सोडावे. पैसे तेवढेच द्यावेत. ज्या सूर्याच्या वेळापत्रकाने आपण सुखी झालो, ते त्यांनाही लागू करावे, एवढाच न्याय.

परभणीची मुलेही शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यामुंबईला, हैदराबादला जातात. ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे तर दर वर्षी जातात. म्हणजे आम्ही जसे येथे परके म्हणून आलो, तशीच आपली माणसे दुसऱ्या गावी परकी म्हणून उतरत असतात. त्यांना तेथे माठ कोठे ठेवावा हे सांगणारी एखादी आजी भेटावी, असे आपल्याला वाटते ना? मग आपल्या गल्लीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडाच्या दारात आज रात्रीच डोकावून यावे. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' या म्हणीला लोक हसतात. आम्हाला अकरा वर्षांनंतर तिच्यात दुसराच अर्थ दिसतो. कोठेही जमले नाही, तरी जेथे जाता येईल असे एक गाव जगात आहे, असे ती म्हण सांगते. गावाला यापेक्षा मोठी पदवी कोणती द्यावी? मात्र ती पदवी टिकवायची, तर येणाऱ्यासाठी माठात पाणी आणि रस्त्यावर सावली असली पाहिजे, आणि ते काम आपणा सर्वांचे आहे.

आता वारा पडू लागला आहे. तो पुरता पडण्याआधी आपल्याला मोकळे करणे हे वक्त्याचे कर्तव्य आहे.